तळ्याच्या डावीकडे

तिने चष्मा पुसायच्या फडक्याने पडदा पुन्हा एकदा पुसला. डाग तिथेच होता. तळ्याच्या डावीकडे, वस्ती जिथे सुरू होते तिथे, करडा, कडा नसलेला, ओलं बोट फिरून शाई फिसकटावी तसा.

शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीसबाई म्हणाल्या, की पुसून पुसून काचेला भोक पडेल. ती हसली.

ऑफिसात तिला सगळे नकाशेबाई म्हणत. धरणाचं पाणी सोडलं तर खाली कुठवर चढेल, याचे नकाशे काढणारं हे ऑफिस. नोकरीला लागली तेव्हा ती पेनाने काढायची, मग कॉम्प्युटरवर काढायला शिकली, आणि आता पन्नाशीला टेकल्यावर तिसऱ्यांदा श्रीगणेशा करायची वेळ आली होती. साहेबांना नकाशा ब्राउझरमध्ये हवा होता, तोही हलता. खालच्या गावातल्या कोणीही फोन उघडावा आणि पाणी आपल्या दारापर्यंत येतं का, ते चढताना बघावं. ज्यांना हे जमेल ते वर राहतील, बाकीच्यांनी तळघरात जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळायच्या, असं साहेबांनी चहाचा कप हातात धरून सहज सांगून टाकलं होतं. त्यातल्या निम्म्या गुंडाळ्या तिच्याच हातच्या होत्या. त्यांच्या शेजारी जाऊन धूळ खायची तिची तयारी नव्हती.

शिकवायला एक शिक्षिका होती, दूर कुठल्याशा शहरातून पडद्यावर येणारी. वयाने मुलीएवढी, वागायला मात्र पक्की मास्तरीण. तिचं म्हणणं नकाशेबाईने आपल्या पद्धतीने लावून घेतलं होतं. जमिनीचे बारीक चौकोन पाडायचे. पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक कार्डात हजारो चिमुकले कामकरी बसलेले असतात, त्यांतला एकेक एकेका चौकोनावर नेमायचा. सगळे एकदम कामाला लागतात. प्रत्येकाने फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे बघायचं आणि जो खाली असेल त्याला आपलं पाणी द्यायचं. अख्खा पूर कोणालाच ठाऊक नसतो, तरी पूर येतो. हे डोक्यात शिरलं त्या संध्याकाळी ती इतकी खुशीत होती, की बसमधून उतरायचा थांबा चुकली.

या प्रकाराची एक खोड होती. चुकलं की बहुतेक वेळा तो तोंडातून अक्षर काढत नसे, नुसता काळा पडून बसे. सुरुवातीला तिच्या नकाशाचा उजवा काठ असाच काळा राहिला होता. हे कामकरी टोळीनेच येतात, अर्धी टोळी मागवता येत नाही, आणि तिने भागाकारात उरलेले चौकोन तसेच सोडून दिले होते. त्यांच्यावर कोणी नेमलेलंच नव्हतं. एक टोळी जास्त मागवली, जास्तीच्यांना गप्प बसायला सांगितलं, काठ उजळला. म्हणून हा डाग दिसला तेव्हा आधी ती घाबरली नाही. राहिले असतील काही चौकोन, असं म्हणून तिने बाह्या सरसावल्या.

मग तिने नकाशा सरकवून बघितला. नकाशातली चूक नकाशाबरोबर सरकते, हे तर पहिल्याच धड्यात शिकवलेलं. तळं सरकलं, वस्ती सरकली, डाग काही त्यांच्याबरोबर गेला नाही. ती बघेल तिथे तो आधी जाऊन बसत होता.

घाबरली ती तेव्हा. पुढची परीक्षा एका क्षणाची होती, फुकटची होती आणि तिला चांगली माहीत होती. एक डोळा मिटायचा, डाग गेला तर तो त्या डोळ्यातला. ती सोडून तिने बाकी सगळं केलं. रंग बदलले, पाण्याचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिला, ग्राफिक कार्डाला दूषणं दिली, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघितलं. आठवडाभर ती एका नसलेल्या चुकीच्या मागे डोळ्यांत तेल घालून बसली होती.

तिचा डावा डोळा जन्मापासून आळशी. लहानपणी उजव्यावर पट्टी बांधून त्याला कामाला लावायचा खटाटोप झाला होता, पण तो बधला नाही. जे काही बघायचं ते उजव्यानेच. आणि वडिलांचे दोन्ही धड डोळे याच वयात गेले होते. वडील घड्याळजी. भर दुपारी, लख्ख उन्हात ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आज उजेड जरा कमी आहे." दुकानातल्या फरशीवर पडलेले बारके स्क्रू ती शाळेतून आल्यावर गुडघ्यांवर बसून वेचायची आणि काही न बोलता त्यांच्या हातात ठेवायची. आईलाही माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही बोलत नव्हतं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

साहेबांना नकाशा दाखवायचा दिवस उद्यावर आला. दुपारी तिने शिक्षिकेला बोलावलं आणि आपला पडदा तिला दिसेल असा जोडून दिला.

"तळ्याच्या डावीकडे एक डाग येतोय. काही केल्या जात नाही."

शिक्षिकेने नकाशा लहान-मोठा करून बघितला, पाणी चढवलं, उतरवलं. "ताई, डाग कुठेच नाहीये. एकदम स्वच्छ आहे."

"हो का? मग गेला वाटतं," ती म्हणाली. शब्द तोंडातून बाहेर पडताच तिला वडिलांचा आवाज ऐकू आला. आज उजेड जरा कमी आहे.

"पण ते घर बघितलंत का? सगळी घरं पाण्यात गेली की लाल होतात, हे पांढरंच राहतंय."

"कुठलं घर?"

"हे काय, तळ्याच्या डावीकडचं. समोरच तर आहे."

तिथे घर नव्हतं. तिथे डाग होता. घराघरांची उंची तिने स्वतः भरली होती, याच आठवड्यात. बघते म्हणून तिने संभाषण बंद केलं आणि एकटीच पडद्यासमोर बसून राहिली. हिशेबनीसबाई डबा धुवायला गेल्या होत्या. तिने उजवा डोळा मिटला.

इतकी वर्षं फुकटचा बसलेला तो डावा डोळा अडखळत जागा झाला. नकाशा अंधुक झाला, रेषा एकमेकींत मिसळल्या. पण डाग नव्हता. आणि तळ्याच्या डावीकडे एक पांढरा ठिपका होता.

अक्षरं खूप मोठी करून, मान तिरकी धरून तिने त्या घराचा आकडा शोधला. एक शून्य जास्त पडलं होतं. घर टेकडीएवढं उंच झालं होतं, त्याला कसला पूर लागतोय. उद्या हा नकाशा गावात गेला असता आणि पाणी सुटलं असतं, तर त्या घरातल्या माणसांनी फोनवर आपलं पांढरं घर बघून निवांत कूस बदलली असती. तिने शून्य खोडलं, पण डाव्या डोळ्याचा अंदाज चुकून शेजारचाही आकडा गेला आणि तो पुन्हा भरावा लागला.

मग तिने शिक्षिकेला लिहिलं: घर दुरुस्त केलं. डाग प्रोग्रॅममध्ये नव्हता, माझ्या डोळ्यात आहे. मी भरलेला प्रत्येक आकडा कोणीतरी तपासा, तोवर नकाशा बाहेर जाऊ देऊ नका. हेच तिने साहेबांना पाठवलं. खाली एक ओळ जोडली, की उद्या ती येणार नाही. तळघर डोळ्यांपुढे उभं राहिलं, तरी पाठवून मोकळी झाली.

संध्याकाळी नवरा शाळेची बस डेपोत लावून घरी आला, तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. त्याला या कामातलं काही कळत नसे, पण पाणी चढताना बघायला तो हौसेने खुर्ची ओढून बसायचा.

"अहो, या तळ्याच्या डावीकडे काय दिसतंय?"

"घर आहे की. आता लाल झालं बघ. बुडलं बिचारं."

"मला ते दिसत नाही."

त्याला आधी थट्टा वाटली. आळशाने संप केला वाटतं, असं काहीतरी तो म्हणाला. तिने मान हलवली.

"आळशाचं नाही. उजव्याचं म्हणतेय मी."

पडद्यावरचं पाणी आपलं चढतच होतं. त्याने हात लांब करून लॅपटॉप मिटला. कधीपासून, असं त्याने विचारलं. तिने खरं सांगितलं.

"आणि आठवडाभर एकटीच घेऊन बसलीस?"

"भीती वाटत होती. अजून वाटतेय. सकाळी डॉक्टरकडे चला माझ्याबरोबर. बाबांसारखं नाही करायचं मला."

बदली चालकाला निरोप द्यायला तो उठला, पण तसाच परत खाली बसला. फोन नंतर करू म्हणाला. त्याने तिचा हात हातात घेतला. ती त्याच्याकडे बघायला लागली, तर डाग बरोबर त्याच्या तोंडावर येऊन बसला. मग तिने नजर थोडी बाजूला नेली. त्याचा चेहरा दिसावा म्हणून ती त्याच्या कानाकडे बघत राहिली.