ट्रकच्या नाकाखाली

पोर्ट ऑगस्टाच्या सिग्नलपाशी रोझलिनच्या लक्षात आलं, आपण चुकीच्या लेनमध्ये आहोत. उजव्या लेनमध्ये तीन डब्यांचा लांबलचक ट्रक उभा होता. त्याच्या पुढ्यात एका गाडीपुरती जागा होती.

"घाल तिथे," शेजारी बसलेला नेव्हिल म्हणाला. "तो बघतोय की आपल्याला!"

नवऱ्याच्या हुकमावर गाडी चालवायची सवय काही सुटली नव्हती. तिने गाडी घातली आणि तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला.

मागून धक्का बसला. गाडीचं तोंड गर्रकन डावीकडे वळलं आणि ती रस्त्यावर आडवी झाली. ट्रकचा लोखंडी बंपर नेव्हिलच्या खिडकीला येऊन भिडला. ट्रक मात्र थांबला नाही. गाडीला आडवीच ढकलत तो वेग घेऊ लागला.

"हॉर्न वाजव!"

"वाजवतेच आहे! ऐकतोय कोण?"

जळक्या रबराचा वास आत भरला. ब्रेक, स्टिअरिंग, कशाचाच उपयोग नव्हता. नेव्हिलचं दार बंपरने दाबून धरलेलं, आणि रोझलिनने तिचं उघडलं असतं तर ती सरळ चाकांखाली गेली असती. तिच्या खिडकीतून खाडीवरचा पूल जवळ येताना दिसत होता. नेव्हिलने तिचा दंड घट्ट धरला होता.

तिचं लक्ष वायरलेसकडे गेलं. वाळवंटातल्या प्रवासासाठी बसवलेला. चाळीस नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले बोलतात, एवढं तिला माहीत होतं. तिने माइक ओढला.

"पुलाकडे निघालेला निळा ट्रक, थांब! आम्ही तुझ्या पुढ्यात आहोत!"

"बाई, माझ्या पुढ्यात कोणीच नाहीये."

"नाकाखाली आहोत तुझ्या! बंपरला अडकलोय! ढकलत नेतोयस तू आम्हाला!"

वायरलेस खरखरला.

"अरे देवा! दार उघडू नका. हळूहळू थांबवतो."

ट्रक पुलाच्या तोंडाशी थांबला. उतरलेल्या ड्रायव्हरचे, कोस्टाचे, ओठ पांढरे पडले होते. "तुम्ही मला दिसलाच नाहीत, बाई. शपथेवर सांगतो."

तिचा विश्वास बसेना. त्यानेच तिला आधार देऊन ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं आणि स्वतःच्या सीटवर बसवलं. काचेतून पूल दिसत होता, पाणी दिसत होतं. रस्त्यावर उभा राहिलेला नेव्हिलही दिसत होता. बंपरला अडकलेली गाडी मात्र कुठेच दिसत नव्हती.

उतरायला म्हणून तिने दाराची कडी धरली, पण नजर पुन्हा काचेकडेच वळली.

"बसा, बाई," खालून कोस्टा म्हणाला. "घाई नाही."