जात्यापल्याडचा आवाज

मी एक जुना हेडफोन आहे. जालन्याच्या मस्तगड भागात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या उजव्या बाजूची गादी फाटली आहे आणि तिच्यातून पिवळा स्पंज डोकावतो. मित्रांनो, लोक मला कानाला लावतात म्हणून मला कान समजतात. खरं तर मी तोंड आहे. पण मला बोलायला नेहमी दुसऱ्याचा आवाज लागतो. आज पहिल्यांदाच माझं स्वतःचं सांगतो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीटसं आठवत नाही. एक लांब पट्टा, पट्ट्यावर माझ्यासारखी शेकडो भावंडं, एक बारीक शिट्टी आणि मग खोक्यातला अंधार, एवढंच आठवतं. खोकं उघडलं ते श्रेयांसनं. खालचं कापडाचं दुकान त्याच्या वडिलांचं. तो आणि केदारखेड्याची आकांक्षा मिळून वरच्या खोलीत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवत.

त्यांचा खेळ अगदी साधा होता. एक काळोखी खोली आणि त्यात एक जातं. खेळणाऱ्यानं जातं फिरवायचं. जेवढं दळलं जाईल तेवढा उजेड पिठासारखा खाली पडायचा आणि खोली थोडी थोडी दिसू लागायची.

खेळाला जात्याचा खरा आवाज हवा होता. म्हणून आकांक्षा मला घेऊन आपल्या गावी झुंबरबाईंकडे गेली. झुंबरबाई तिच्या शेजारच्या. त्यांच्या पडवीत अजून जातं होतं. त्या ज्वारीनं भरलेलं सूप घेऊन बसल्या. आकांक्षानं ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि मला कानांवर चढवलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, दाण्यानं आवाज दबून राह्यला. जातं रिकामंच फिरवा ना."

झुंबरबाईंचा हात खुंट्यावरच थांबला. "रिकामं फिरवू न्हाई, पोरी. रिकाम्या जात्यावर कोनीबी येऊन बसतं."

"दोनच मिनिटं, मावशी. आवाज बिलकुल साफ पाहिजे."

झुंबरबाईंनी जातं झाडून घेतलं, रिकामं फिरवलं आणि गायल्या,

"जात्याच्या पल्याड कोण गं बसलं, बाई?"

एवढंच गाऊन त्या थांबल्या. जातं घरघरत राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तीच ओळ म्हटली आणि पुन्हा थांबल्या. ओवीची दुसरी ओळ त्यांनी म्हटलीच नाही. आकांक्षानंही विचारलं नाही. आवाज साफ आला, यातच ती खूश होती.

त्यानंतर माझे फिरतीचे दिवस आले. बंगळूरला खेळ बनवणाऱ्यांचा मोठा मेळावा होता, देशोदेशीची माणसं आली होती. आम्हाला टेबल मिळालं ते अगदी टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी. आकांक्षाचं इंग्रजी अडखळायचं. ती समोरच्याला नमस्कार करायची आणि सरळ मला त्याच्या डोक्यावर ठेवायची. पुढचं काम माझं. त्या तीन दिवसांत किती डोकी मी पाहिली! कुरळी, टकली, निळ्या रंगानं रंगवलेली. ब्राझीलचा एक दाढीवाला माझ्यातून ओवी ऐकताना डोळे मिटून डुलला. मला तेव्हा माझा केवढा अभिमान वाटला होता!

श्रेयांस मात्र दिसेल त्याला कार्ड वाटत सुटला होता.

"अरे, दिवाळीचं कॅलेंडर आहे का ते? माणसाशी बोल तरी," आकांक्षा म्हणाली.

"दुकानदारी आमच्या रक्तात आहे. शंभर वाटली तर दोन तरी फिरून येतील!"

आकांक्षाची रीत वेगळी होती. समोरचा आपलं कार्ड देऊन गेला, की तो काय बोलला ते ती कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवायची. शेवटच्या दिवशी लिथुआनियाची रूता आली. ती तिकडच्या एका कंपनीत खेळांचे आवाज बघायची. तिनं मला तीनदा डोक्यावर चढवलं. उतरवलं तेव्हा तिच्या हातावर काटा आला होता.

"आम्हाला हा खेळ आमच्याकडे आणायचा आहे," ती म्हणाली. "मात्र गाणाऱ्या दोघींची नावं आणि होकार पंधरा दिवसांत पाठव. विशेषतः त्या दुसरीचा. ती उत्तर देते ना, त्यासाठीच मला हा खेळ हवा आहे."

दोघी? आकांक्षाला वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. परतीच्या गाडीत तिनं सगळी कार्डं मांडीवर पसरली आणि एकेक उलटून पाहू लागली. ब्राझीलवाल्याच्या कार्डामागे तिनंच लिहिलं होतं, 'दुसरा आवाज छान.' एका कोरियन मुलीच्या कार्डामागे, 'दुसरी बाई थकलेली वाटते.' घाईघाईत लिहिताना तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती.

तिनं मला कानांवर चढवलं. तिला फक्त झुंबरबाई ऐकू आल्या.

मित्रांनो, मला दोघी ऐकू येत होत्या. आवाज माझ्यातूनच जात होता. पण मी तिला सांगणार कसं?

"कोणाचंही नाव टाक ना, यार," श्रेयांस म्हणाला. "तिथून केदारखेड्यात कोण तपासायला येतंय? असा चान्स पुन्हा न्हाई यायचा."

आकांक्षानं कार्डं गोळा करून पिशवीत ठेवली. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी भरदुपारी ती मला घेऊन झुंबरबाईंच्या पडवीत जाऊन बसली. बाहेर ऊन रखरखत होतं, झाडाचं पानही हलत नव्हतं. तिनं मला झुंबरबाईंच्या डोक्यावर ठेवलं आणि आधीचं ध्वनिमुद्रण लावलं. पदरावरून मी नीट बसेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी मला दाबून धरलं.

पहिली ओळ झाली. जातं घरघरलं. मग जात्याच्या पलीकडून ती दुसरी गायली,

"तुझ्याच शेजारची मी, परकी कुनी न्हाई."

झुंबरबाईंनी मला कानांवर आणखी घट्ट दाबलं. 

"गोजर हाय ही," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर बसून तीस वर्सं दळलं हिनं. जाऊन सात वर्सं झाली. दुसरी वळ तिची व्हती, म्हनून मी ती म्हनत न्हाई." मग त्यांनी मला उतरवलं आणि आकांक्षाकडे पाहिलं. "किती दम लागलाय गं तिला! दाना न्हाई, पीठ न्हाई, नुसतं फिरवून राह्यली. उठावं कसं तिनं? दळन सरतच न्हाई."

आकांक्षाच्या आता ध्यानात आलं. खेळ जितक्या वेळा सुरू झाला होता, तितक्या वेळा तिनंच गोजरबाईंना जात्यावर बसवलं होतं.

त्याच दुपारी पुन्हा ध्वनिमुद्रण झालं. झुंबरबाईंनी जात्यात मूठभर ज्वारी घातली. "ही गोजरची," त्या म्हणाल्या. जातं जड फिरलं. ओवीची पहिली ओळ झाली. ओवी थांबली तेव्हा मला पीठ पडल्याचा मऊ आवाज तेवढा आला. पलीकडे कोणी नव्हतं.

आता आकांक्षापाशी जात्याचे दोन आवाज होते, रिकाम्याचा आणि दाण्याचा. रूताला हवा होता तो पहिला.

"झुंबरबाईंचा होकार आहे, दुसरीचं नावही कळलं. पाठवून दे," श्रेयांस म्हणाला. "खरं-खोटं करत बसून तू चान्स घालवशील."

"नाव कळलंय, श्रेयांस. तिचा होकार कुठंय?"

तिनं पहिला आवाज पुसला. जिथं जिथं त्याची नक्कल होती तिथून तिथून पुसला. रूताला सगळं खरं लिहिलं आणि सोबत नवा आवाज पाठवला. त्यानंतर अकरा दिवस दोघं तिच्या पत्राची वाट पाहत राहिली.

बाराव्या दिवशी रूताचं पत्र आलं. कंपनीनं नकार दिला होता. त्यांना तो दुसरा आवाजच हवा होता. पत्राखाली रूतानं आपल्या मनाचं लिहिलं होतं, 'शरदात आमच्या शहरात मेळावा आहे. तिथं माझं स्वतःचं छोटं टेबल असतं. अर्धं तुझं. ये.'

श्रेयांसनं ते पत्र दोनदा वाचलं. "अर्ध्या टेबलासाठी इतक्या लांब?" असं म्हणाला खरा, पण तिकिटाची चौकशी त्यानंच केली.

आम्ही गेलो. त्या अर्ध्या टेबलावर माझी गादी फाटली, इतकी माणसं आली. रूता आपल्या ओळखीच्या माणसांना एकेक करून आमच्याकडे घेऊन येई. आज आकांक्षाला चार देशांतून पत्रं येतात. दुसऱ्या बाईबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही. ओवीच्या त्या मोकळ्या जागेत मीही कान देऊन पाहिलं. तिथं पीठ पडत होतं.

फक्त एकदा काय झालं ते सांगतो. शेवटच्या संध्याकाळी टेबल आवरून झालं होतं, पडदा तेवढा चालू होता. माझी वायर काढून गुंडाळली होती. रूताची लहान मुलगी खेळाच्या शेवटी येणारी नावं पडद्यावर बोट ठेवून वाचत होती. आकांक्षानं सगळ्यात वर लिहिलेलं नाव तिला जमेना. तिनं ते तोडून तोडून मोठ्यानं वाचलं, "गो... जर... बाई."

कुठलाही आवाज जोडलेला नसताना माझ्यातून कोणीतरी ओ दिली. अगदी सहज दिली, दळण आटोपून, हातावरचं पीठ झटकून उठलेल्या बाईनं द्यावी तशी. मुलीनं दचकून माझ्याकडे पाहिलं.

म्हणून मित्रांनो, मला फेकलंत तरी चालेल, माझं वय झालं आहे. पण कोणाचा आवाज घ्याल, तर त्याच्यासमोर कोण बसत होतं तेही विचारा आणि त्याचं नाव लिहा. आणि ते नाव वाचाल तेव्हा नीट, सावकाश वाचा. ज्याचं ते नाव आहे, ते माणूस ऐकत असतं.