कोपऱ्यावरचा नारळ

आमच्या अंगणातलं तुळशीवृंदावन दर पावसाळ्यात कलतं. तुळशीच्या लग्नाआधी मी ते पहारीनं सरळ करतो आणि पुढच्या पावसात ते पुन्हा शेजाऱ्यांकडे झुकतं. आमच्या गावची, वरवट बकालची, काळी माती अशीच. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगवटा. मी जन्मापासून हे बघत आलो, पण त्याचा विचार केला तो माझ्या बायकोनं.

जयमाला बचत गटाची अध्यक्ष आहे. गटाला मिनी डाळ मिल मिळाली तेव्हा ती ठेवायची कुठे, यावर बैठकीत बराच काथ्याकूट झाला. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ रंगराव काका म्हणाले, "माह्या खळ्यावर तयार ओटा हाय. आणून ठेवा." काका मनाचे मोठे, पण खळ्याच्या फाटकाला कुलूप आणि किल्ली सदा त्यांच्या कमरेला. आपल्याच मशीनसाठी रोज किल्ली मागायला जायचं, हे जयमालाला पटेना. आमच्या अंगणात टिनाचं छप्पर होतं. त्याखाली ओटा मी करून देते, म्हणाली. गटानं अट घातली, की अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या अखजीला मशीन येईल तोवर ओटा तयार पाहिजे, नाहीतर मशीन काकांकडे. डाळ वाळवायला ऊन लागतं. पाऊस लागला की हंगाम संपला.

मला वाटलं, ओट्यात काय एवढं? जागा सपाट करायची आणि वर सढळ हातानं सिमेंट टाकायचं. तसं मी बोलून दाखवलं. जयमालानं तुळशीकडे बोट केलं.

"थे काऊन कलते दरसाली?"

"माती हलते म्हणून."

"मंग त्याच मातीवर मशीन बसवता का? मशीन त स्वतःबी हलते."

यावर मला पहार उचलण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. मी काळी माती उपसत होतो आणि ती काठावर उभी राहून "अजून" म्हणत होती. मांडीइतका खड्डा झाल्यावर तिचं समाधान झालं. मग सातपुड्याकडून न फुगणारा मुरूम आणायचा होता. ट्रॉलीवाल्यानं आज-उद्या करत अखजी तोंडावर आणली, पण जयमालानं एक थरही कमी केला नाही. पातळ थर, वर पाणी, धुम्मसानं ठोकून घट्ट करायचं, मग पुढचा थर. गटातल्या बायका आळीपाळीनं धुम्मस मारत होत्या आणि प्रत्येक ठोक्याला कुणाच्या तरी सासूचं नाव घेत होत्या. मुरूम असा बसला की टाच मारली तरी खूण उठेना.

त्यावर सळईची जाळी आली. मशीनच्या पायांच्या मापानं भोकं पाडलेली फळी आली, तिच्यातून बोल्ट उभे केले. माणिकराव मिस्त्रींनी माल कालवायला बोअरचा पाइप ओढला, तशी जयमालानं मोटारच बंद केली. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी इतकं खारं की मोरीच्या भिंतीला कायम पांढरा लोणा. तिनं पिण्याच्या पाण्याची टाकी उघडली.

माझी आई, शालूबाई, घरातून ओरडतच आली. "पेण्याचं पाणी ओट्याले? डोकं फिरलं का तुह्यं?"

"आत्याबाई, ज्या पाण्यात आपली दाळ शिजत नाही, त्या पाण्यानं सिमेंट काय धरीन?"

त्या पाण्याशी आईनं आयुष्यभर झगडा केलेला. ती आतून हंडा घेऊन आली. ओटा भरला तेव्हा अखजी दोनच दिवसांवर होती.

अखजीला सकाळीच टेम्पो आला. सगळा गट नटूनथटून हजर. जयमाला म्हणाली, "पूजा करा, पण मशीन खालीच राहू द्या. ओटा अजून कच्चा हाय."

"कच्चा कुठीचा?" झुंबरबाई म्हणाल्या. गटात सगळ्यात वडील त्याच. "हात लावून पाह्य, दगड झाला!"

"आजच्यासारखा मुहूर्त नाही भेटत, सूनबाई," असं म्हणत रंगराव काका नारळ घेऊन पुढे झाले. नवी वस्तू आली की तिच्यावरच नारळ फोडायचा, ही आमची रीत. काकांनी हात उचलला आणि ओट्याच्या कोपऱ्यावर नारळ हाणला.

नारळ शाबूत राहिला. कोपरा फुटला.

कुजबुज सुरू झाली, ओटा वाया गेला, अपशकुन झाला. "आता मशीन माह्याकडंच न्या," काका म्हणाले, तेही वाईट वाटूनच. दोघीचौघी टेम्पोकडे वळल्याही. जयमाला फुटक्या कोपऱ्याकडे बघत उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मला इतका राग आला, की काकांच्या हातातला नारळ हिसकावून घ्यावासा वाटला.

तेवढ्यात आई पुढे झाली.

"नारळ सोसवला नाही त्याले, मशीन काय सोसवीन? बाया हाय ना तुमी? ओली बाळंतीण हाय हा ओटा. परवा सुटली, अन् आजच दळाले बसवता का? बारसं त होऊ द्या!"

झुंबरबाई जागीच थांबल्या. पदर खोचला, घरी गेल्या आणि पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन परतल्या. सिमेंट ओलं राहून मुरावं म्हणून ओट्यावर गोणपाट होतं, त्यावर त्यांनी तो हळूच ओतला. मागोमाग बाकीच्या निघाल्या. मशीन लाकडी ओंडक्यांवर ताडपत्रीखाली राहिलं. मेमधली ती धग, घागरीगणिक मोजून वापरायचं पाणी, आणि रोज कुणी ना कुणी घरच्या पिण्यातला तांब्या आणून ओतायचं. गोणपाट एकदाही सुकलं नाही. मला या बायांचं फार कौतुक वाटलं, आणि माझ्या बायकोचं तर सांगूच नका.

ओटा भरल्यापासून बाराव्या दिवशी त्याचं खरोखर बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या, नट आवळले, मशीन सुरू केलं. टिन थरथरलं, खिडकी थरथरली, ओटा मात्र ढिम्म. पाऊस लागेपर्यंत गटानं भरपूर डाळ काढली.

मग पाऊस आला. माती फुगली, तुळस नेहमीसारखी कलली. जयमाला रोज ओट्याच्या कडेला ओळंबा धरून बघायची आणि हसत आत यायची.

दसऱ्याला मशीनची पूजा होती. रंगराव काका नारळ हातात घेऊन दगड शोधत होते. जयमालानं तो फुटका कोपरा मुद्दाम बुजवला नव्हता.

"इथीच फोडा, मामाजी."

"नको वो सूनबाई. एकदा झालं ना."

"फोडा. चांगला जोरात."

काकांनी डोळे मिटून हाणला. नारळाची दोन शकलं झाली, पाणी ओट्यावरून वाहिलं. काकांनी वाकून कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. चराही नव्हता.

मग त्यांनी करदोऱ्याची गाठ सोडली आणि खळ्याची किल्ली ओट्यावर ठेवली.

"दाळ वाळवाले जागा कमी पडत असन तुमाले," ते म्हणाले. "किल्ली आता इथीच राहू दे."