हिरवा रंग घासणाऱ्यांनो

मी पुतळा बोलतोय. खांद्यांपर्यंतचाच आहे. हात नाहीत, म्हणून इथली नाटकमंडळी आजवर वाचली.

ल्यों शहराजवळच्या एका नाट्यगृहात, रंगमंचाकडे जाणाऱ्या जिन्यात माझी जागा आहे. चेहरा त्या थोर नाटककाराचा, ज्याची नाटकं अख्खा फ्रान्स शाळेत शिकतो. खाली पितळी अक्षरांत त्याचं नाव. मला घडवलं मातिल्द रूवेर या बाईने. माझ्या काशाच्या धातूला धग देत, आम्लाचा ब्रश फिरवत तिने तीन आठवडे खपून हा हिरवा रंग आणला. उद्घाटनाला चार भाषणं झाली. तिचं नाव एकानेही घेतलं नाही. मानेमागे तिने स्वतः बारीक कोरलं होतं, तेवढंच.

तिची मुलगी ओदिल इथे नटांचे कपडे सांभाळते. माझी धूळ पुसताना तिचं बोट त्या अक्षरांवर थांबायचं.

गेल्या शुक्रवारी मुख्य नट फाब्रिस तिसऱ्या अंकात संवाद विसरला. विसरणारच. तालमींना दांड्या आणि जेवणाबरोबर वाइनची अख्खी बाटली. पण इथल्या नटांच्या लेखी हिरवा रंग अपशकुनी. जिन्यात येऊन तो म्हणाला, "हा हिरवा ठोंब्या वाटेत उभा. दुसरं काय होणार?"

दिग्दर्शक गिस्लँने मान डोलावली. "उद्या घासून काढा."

"साहेब, तो गंज नाही. आईने चढवलेला रंग आहे," ओदिल म्हणाली. "निदान मानेला तरी हात लावू नका."

"ओदिल, तू बटणं शिव."

शनिवारी तारेचा ब्रश आला. संतापाने माझं कासं तापलं, पण यांना काय त्याचं. दुपारपर्यंत मी नव्या पातेल्यासारखा लखलखीत झालो आणि मानेमागचं नाव गेलं.

संध्याकाळी फाब्रिस त्याच वाक्यावर अडला.

"आता काय झालं?" गिस्लँने विचारलं.

"पुतळा फार चमकतो हो. येता येता डोळे दिपले."

मला थुंकता आलं असतं, तर तेव्हा थुंकलो असतो.

ओदिल तडक कपड्यांच्या खोलीत गेली. चामडं शिवायचा जाड दाभण घेऊन आली आणि सगळ्यांसमोर माझी मान खरवडू लागली.

"अगं, वेड लागलं का? ती नगरपालिकेची वस्तू आहे," गिस्लँ ओरडला.

"मग नगरपालिकेला बोलवा. तोवर माझं होईल."

वाचकहो, कधी इथे आलात तर खालची पितळी अक्षरं वाचू नका. ते नाव तुम्हाला पाठ आहे. मागे या, जरा वाका. अक्षरं वाकडी आहेत, लेकीने दाभणाने कोरलेली. पण मोठ्याने वाचा. फाब्रिसच्या कानावर जाऊ दे.