कापलेले अडतीस फूट

पत्र उशिरा पोचलं, त्यात माझा दोष नव्हता. बाकी सगळा माझाच.

मी अर्नेस्टीन प्रुइट. ओहायोत, डेटनच्या बाहेर जुन्या सिनेमांचं एक कोठार आहे, तिथे मी एकतीस वर्षं नोकरी केली. काँक्रीटच्या शंभरएक खोल्या, प्रत्येकीला लोखंडी दार, आत गारठा आणि पत्र्याचे गोल डबे. पूर्वीची फिल्म ज्या मसाल्याची बनायची तो मसाला भडकन पेट घेतो, आणि पेटला नाही तर जागच्या जागी सडतो. आधी चित्र पिवळं पडतं, मग फिल्म चिकट होते, मग डब्यात नुसता तपकिरी भुसा उरतो. एका वेटोळ्याला सड लागली की शेजारच्याला लागलीच म्हणून समजा. त्यामुळे आमचा शिरस्ता ठरलेला. सडलेला तुकडा कापायचा, पाण्याच्या पिंपात टाकायचा, राहिलेलं रीळ नवी प्रत काढायला पाठवायचं आणि त्या रिळाच्या नोंदीच्या कार्डावर लिहायचं: इतके फूट सडलेले, काढले. कोणी काढले हे कधी कोणी लिहीत नसे.

आणखी एक नियम होता. तुकड्यावर चित्र अजून दिसत असेल तर कापण्याआधी शेजारच्या खोलीतून कॅमेरावाल्याला बोलवायचं आणि त्या चित्रांचे फोटो काढून ठेवायचे.

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात इंडियानातल्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या फळ्यांखाली दोन डबे सापडले आणि आमच्याकडे आले. ‘रविवारचा कोट’ नावाचा मूकपट, एकोणीसशे सव्वीसचा. लुइव्हिलच्या आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या एका दंतवैद्यानं चार मित्र गोळा करून तो काढला होता. नट आमचेच, कॅमेरावाला आमचाच, बघणारेही आमचेच. पाच रिळांपैकी दुसरं आणि चौथं तेवढं मिळालं. बाकीची तीन जगात कुठे नव्हती. आमच्या लोकांचे असे सिनेमे शेकड्यांनी निघाले आणि शेकड्यांनी उकिरड्यावर गेले. ते जपायचे म्हणून तर मी ही नोकरी धरली होती. माझं आजोळसुद्धा लुइव्हिलचंच.

तर त्या शुक्रवारी पावणेचार वाजता दुसरं रीळ माझ्या टेबलावर होतं. आम्ही फिल्म कशी तपासतो ते सांगते. हातमोजे घालून दोन बोटांत कड धरायची आणि रीळ हळूहळू फिरवायचं. कडेची भोकं फाटलीत का, जुने जोड सुटलेत का, फिल्म आकसली आहे का, सगळं बोटांना कळतं. डोळे कडेवर असतात. चित्र बघत बसलं तर दिवसाला एक रीळ हातावेगळं होणार नाही. नवीन मुली पहिला आठवडा चित्रं बघतात, मग मी त्यांना झापते.

चर्चमधला गाण्याचा प्रसंग संपला, मग अक्षरांची पाटी आली, ‘शनिवारी, औषधाच्या दुकानात’, आणि लगेच बोटांना चिकटपणा लागला. डावीकडून सड आत शिरत होती. चित्र पुरतं गेलं नव्हतं. निम्म्याहून जास्त शाबूत होतं. कॅमेरावाला भिंतीपलीकडे होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण पिंपं घेऊन जाणारा ट्रक पंधरा दिवसांतून एकदा यायचा, ड्रायव्हर बाहेर भोंगा वाजवत होता, आणि पिंपाचं झाकण लागायचं माझ्यामुळे राहिलं होतं. “आले, आले, कोकलू नकोस!” म्हणून मी ओरडले आणि कात्री चालवली. अडतीस फूट. पिंपात टाकले, झाकण बसवलं, ट्रक गेला.

सोमवारी मर्ल माझ्या टेबलापाशी आला. मर्ल म्हणजे आमचा साहेब, वयानं माझ्याहून लहान, माणूस वाईट नाही. त्याच्या हातात एक पत्र होतं. कोणीतरी ते मुख्य कचेरीच्या पत्त्यावर टाकलं होतं, आणि तिथे ते दहा दिवस कोणाच्या तरी टपालाच्या टोपलीत पडून होतं.

सिनसिनाटीच्या मिस ओपलीन सग्जनं लिहिलं होतं; वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेल्यासुद्धा, आमच्यात ‘मिस’च म्हणतात. रिळं सापडल्याची बातमी तिनं पेपरात वाचली होती. ‘मी सत्तर वर्षांची आहे. मी अकरा महिन्यांची असताना माझी आई वारली. नंतर घर जळालं, त्यात तिचे होते नव्हते ते फोटो गेले. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. पण ती एका सिनेमात आहे. माझी मावशी तीन वेळा जाऊन बघून आली होती. दुसऱ्या रिळात, चर्चच्या गाण्यानंतर, औषधाच्या दुकानात ती केसांची रिबीन घेते आणि दुकानदाराशी हसून बोलते. तेवढंच एकदा आहे. तिचं नाव आर्डेल फ्रेझर. मला तिला बघायचं आहे.’

मी पत्र दोनदा वाचलं. मग दुसऱ्या रिळाचं कार्ड काढून त्यावरची माझीच ओळ वाचली.

“काय गं, काय झालं?” मर्लनं विचारलं.

“ते मी शुक्रवारी कापलं.”

“सडलं होतं ना?”

“कडेला.”

त्यानं कार्ड उचलून बघितलं. मग म्हणाला, “हे बघ अर्नेस्टीन, कार्डावर ‘सडलेलं’ लिहिलंयस. सडलेलं होतंच. बाईंना तेच कळव. खोटं काय आहे त्यात?”

“चित्र दिसत होतं, मर्ल. फोटो काढायला हवे होते.”

“मग तुला आठवत असेल की. कशी होती ते तरी सांग त्यांना.”

तिथेच तर घोडं अडलं. मी घरी जाऊन डोळे मिटून बसले. किती आठवायचा प्रयत्न केला! दुकानाचा कट्टा आठवला, मागच्या बाटल्या आठवल्या, कडेची फाटकी भोकं तर मोजून आठवली. बाई आठवेना. माझ्या डोळ्यांसमोरून ती गेली होती, आणि मी कडेकडे बघत होते. जगात तिचा चेहरा शेवटचा ज्या माणसासमोर आला ती मी, आणि मी तो बघितला नाही.

ट्रकवाल्यांना फोन केला. पिंपं शनिवारीच भट्टीत गेली होती.

मी मिस ओपलीनला उत्तर लिहिलं की प्रत तयार होतेय, झाली की या. बाकीचं तोंडानं सांगीन, असं मनाशी ठरवलं. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

ऑक्टोबरात ती आली. पुतण्यानं गाडीतून आणून सोडलं. जांभळा कोट, जांभळी हॅट, चर्चला निघाल्यासारखी, आणि हातात फडक्यात गुंडाळलेली रताळ्याची पाई, म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी.

“हे तुमच्या लोकांसाठी. पुतण्या म्हणाला, तिथे खायला बंदी असेल. मी म्हटलं, माझ्या पाईला बंदी करणारा अजून जन्मायचाय.”

“बंदी आहे, मिस ओपलीन. पण आम्ही जिन्यात बसून खाऊ.”

“आता कशी माझी पोर!” ती हसली. मी चौपन्न वर्षांची, पण तिच्यापुढे पोरच. तिनं माझा हात धरला आणि बघण्याच्या खोलीत येईपर्यंत सोडला नाही. “तुला सांगते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सत्तर वर्षं थांबले आणि काल एक रात्र निघेना.”

आता सांग, आता सांग, असं मनात चाललं होतं. पण तिनं खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा पुसला. मी हातानं फिरवायच्या यंत्रावर नवी प्रत चढवली. छोट्या काचेवर चित्र हलायला लागलं.

रस्ता आला, घोडागाडी आली, कोट घातलेला तरुण आला. मग चर्च. बाया पांढऱ्या कॉलरचे झगे घालून गात होत्या. आवाज नाही, नुसती तोंडं उघडत होती. मिस ओपलीन पुढे झुकली. एकदम तिनं काचेवर बोट ठेवलं.

“थांबव! थांबव! ही! पुढच्या रांगेतली तिसरी. हीच माझी आई.”

मी हात थांबवला. तिसरी बाई विशीतली होती, गोल चेहऱ्याची, डोळे वर लावलेली.

“बघ कशी दिसते,” मिस ओपलीन म्हणाली. आवाज पार बारीक झाला होता. “माझं कपाळ बघ आणि तिचं बघ. बघितलंस ना? तुमचं ते कार्ड असतं म्हणे, त्यावर लिही. पुढच्या रांगेतली तिसरी, आर्डेल फ्रेझर. आत्ता माझ्यासमोर लिही.”

कार्ड माझ्यापुढेच होतं. पेन हातात होतं. काय सोपं होतं सगळं! ती आनंदानं घरी गेली असती. मी सुटले असते. मर्लनं माझी पाठ थोपटली असती. आणि कार्डावर एकदा नाव चढलं की ते कायमचं. पुस्तकात छापून येतं, प्रदर्शनात फोटोखाली लागतं, शंभर वर्षांनी कोणी विचारलं तरी हेच उत्तर मिळतं. ती तिसरी बाईसुद्धा कोणाची तरी आई असेल. तिचं नाव पुसून त्यावर दुसरं लिहायला मी कोण?

मी पेन खाली ठेवलं.

“मिस ओपलीन, ही ती नाही. तुम्हीच पत्रात लिहिलं होतंत, औषधाच्या दुकानात आहे म्हणून.”

“मग पुढे ने.”

मी पुढे नेलं. पाटी आली, ‘शनिवारी, औषधाच्या दुकानात’, आणि त्यानंतर एकदम रस्ता, आणि कोट घातलेला तरुण पळतोय.

“मधलं कुठाय?”

“मी कापलं.”

मग मी सगळं सांगितलं. सड, पिंप, भोंगा, भिंतीपलीकडचा कॅमेरावाला, सगळं. काही राखून ठेवलं नाही. ती ऐकत होती, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती.

“किती?”

“अडतीस फूट.”

“फूट नको सांगूस मला. मी काय कापड घ्यायला आलेय? वेळ किती?”

“अर्धं मिनिट. थोडं जास्तच.”

“अर्धं मिनिट. आणि एका भोंग्यासाठी तू ते पाण्यात टाकलंस.”

“हो.”

“गोऱ्यानं केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं,” ती म्हणाली. “पण तू? तू तर आपली ना गं?”

मला रडू फुटलं. तिनं रुमाल दिला नाही, आणि बरंच केलं.

“बघितलंस तरी का तिला?”

तिचा गोल चेहरा होता, गालाला खळी होती, रिबीन हातात धरून ती हसत होती, असं काहीही मी सांगू शकले असते. तिनं मानलंही असतं.

“नाही,” मी म्हटलं. “ती माझ्यासमोरून गेली. पण माझं लक्ष कडेवर होतं. मी बघितलंच नाही.”

काचेवर थांबलेल्या त्या तरुणाकडे तिनं बघितलं. मग हॅटची पिन काढली, हॅट मांडीवर घेतली.

“माझ्या आईला गाता येत नव्हतं,” ती म्हणाली. “मावशी सांगायची, आर्डेलनं गळा काढला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. तिला चर्चच्या गाण्यात कोण उभं करणार? मला ठाऊक होतं ती तिसरी बाई कोणी दुसरीच आहे. पण मनात आलं, इथे कोणाला काय कळतंय. एकदा कोणत्या तरी चेहऱ्याला आई म्हणून घेऊ.”

मी यंत्राचा दिवा बंद केला.

“या सिनेमाच्या आणखी प्रती असतील?” तिनं विचारलं.

“तेव्हा चार-पाच तरी काढायचे. गावोगाव फिरवायचे. एखादी कुठे माळ्यावर पडली असेल. सापडेलच असं नाही.”

“सापडली तर कधी?”

“उद्याही सापडेल. नाहीतर पन्नास वर्षांनी.”

“तेव्हा मी नसेन.”

“मीही नसेन, मिस ओपलीन.”

“मग ज्याला सापडेल त्याला कसं कळणार, दुकानातली बाई कोण ते? घे ते पेन. लिही.”

मी कार्ड पुढे ओढलं. ती एकेक शब्द सांगत गेली, मी लिहीत गेले. दुसरं रीळ, औषधाच्या दुकानातला प्रसंग, अडतीस फूट. चित्र दिसत असताना, फोटो न काढता कापले. कापणारी अर्नेस्टीन प्रुइट. त्यात रिबीन घेणारी बाई म्हणजे लुइव्हिलची आर्डेल फ्रेझर. दुसरी प्रत मिळाल्यास या बाईचा चेहरा जपावा.

“वाचून दाखव.”

मी वाचलं. तिनं मान हलवली आणि हॅट परत डोक्यावर ठेवायला लागली. पिन हातात धरून ती थांबली.

“अजून एक ओळ लिही,” ती म्हणाली. “तिला एक मुलगी होती, आणि ती तिला बघायला आली होती.”