केळीच्या पानाखाली

“या बिया कधीच धुवायच्या नाहीत,” गाइड मुलगी म्हणाली, आणि माझे बाबा जागच्या जागी थांबले.

रत्नागिरीत नवं चॉकलेट म्युझियम निघालं होतं. बाबांच्या मोतीबिंदूची तपासणी लवकर आटोपली होती, घरी पालीला जाणाऱ्या गाडीला दोन तास होते आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत एसी असेल, एवढ्याच विचाराने मी त्यांना तिथे नेलं. खरं तर हा माझा आगाऊपणाच होता. आमच्या घरात चॉकलेटचं नाव गेली पस्तीस वर्षं कुणी काढलेलं नाही.

मी लहान असताना बाबांनी शेतकी ऑफिसरच्या सांगण्यावरून पोफळीच्या बागेत कोकोची चाळीस झाडं लावली. गावाने वेड्यात काढलं. झाडांना पाणी मात्र आईनेच घातलं, विहिरीपासून कमरेवर हंडे वाहून. मी आठ वर्षांची झाले तेव्हा फळं धरली, फणसासारखी थेट खोडालाच. फोडलं की आत बियांभोवती पांढरा, आंबटगोड गर. एखादी बी सीताफळासारखी चोखायची आणि बाकीच्या गरासकट आईच्या टोपलीत टाकायच्या, हे माझं काम. त्या सुट्टीत मी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

आता बाबा म्हणजे नारळसुद्धा पुसून बाजारात नेणारा माणूस. बुळबुळीत बिया व्यापाऱ्यापुढे ठेवायच्या, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या हुकमाने आई विहिरीवर टोपल्याच्या टोपल्या चोळून धुवायची. बिया फणसाच्या आठळ्यांसारख्या लख्ख व्हायच्या.

मग एकदा आईला ताप आला आणि एक भरलेली टोपली केळीच्या पानाखाली पडवीत तशीच राहिली. पाचव्या दिवशी आई उठली, पान उचललं आणि आत हात घातला. बिया गरम होत्या. आधी आंबूस वास आला, आणि त्याच्यामागून दुसराच कसला तरी. तिने बाबांना हाक मारली, ह्यात काहीतरी होतंय, राहू द्या असंच, म्हणाली. कुजलंय ते, म्हणत बाबांनी टोपली उकिरड्यावर उपडी केली. महिन्याभराने धुतलेल्या बियांची दोन पोती व्यापाऱ्याकडे गेली. त्याने एक बी फोडली, नाकाशी नेली, ह्याला वासच नाही म्हणाला आणि पोती परत पाठवली. बाबांनी दोन दिवसांत चाळीसच्या चाळीस झाडं तोडली. आई आठ दिवस त्यांच्यापुढे ताट ठेवून मुकाट्याने आत जायची.

“गरासकट खोक्यात भरतात, वर केळीची पानं,” ती गाइड मुलगी, ईशा नाव होतं तिचं, सांगत होती. “पाच-सहा दिवसांत आतून तापतात. चॉकलेटचा वास येतो त्याची सुरुवात इथे. धुतल्या की संपलं.” तिने तयार बियांचा वाडगा पुढे केला. बाबांनी काळा चष्मा वर सरकवला आणि वाडग्यात नाक घातलं.

“ह्योच वास,” ते म्हणाले. “माझी बायको सांगत व्हती, ऱ्हाऊ द्या म्हणून. मी उकिरड्यात वतला सगळा.”

पंधरा अनोळखी माणसांसमोर म्हणाले. हाच माणूस एकदा चुकीच्या एसटीत बसून लांज्याला पोचला होता आणि घरी येऊन म्हणाला होता, लांज्याला कामच होतं. आपण चुकलो, असं बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी एसीवर ढकललं.

ईशाने मांडून ठेवलेल्या ताज्या फळांतलं एक त्यांच्या हातात ठेवलं. पण एका फळाच्या बियांना ऊब धरत नाही, त्याला मोठी रास लागते, हेही तिने सांगितलं. गाडीत बाबा फळ मांडीवर घेऊन बसले. तू मधे बोलू नको, मीच सांगेन, एवढंच त्यांनी मला बजावलं. पालीपर्यंत मला एकच घोर होता, घरी पोचेपर्यंत ते सांगायचं सगळं गिळून टाकतील.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. बाबांनी चपलाही काढल्या नाहीत.

“सखू,” ते म्हणाले. माझ्यासमोर त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. “तापातली ती टोपली, ती बरोबर व्हती गो. धुवायच्याच नसतात. माजाच चुकला.”

आईने फळाकडे पाहिलं.

“आता सांगताव,” ती म्हणाली. “झाडां कुटं हायत?”

बाबांनी फळ पायरीवर आपटून फोडलं आणि एक बी तिच्या हातावर ठेवली. ती तिने तोंडात धरली, चोखत राहिली, थुंकली नाही. उरलेल्या बिया बाबांनी गरासकट एका वाडग्यात घातल्या, विहिरीकडे जाऊन स्वतः केळीचं पान कापून आणलं आणि वाडगा झाकला. एका फळाला ऊब धरत नाही असं ईशा म्हणाली होती, याची मी त्यांना आठवण करून दिली.

“म्हायती हाय माला,” ते म्हणाले.

मी दोन दिवस राहिले. सकाळ-संध्याकाळ बाबा पान उचलून बियांवर हात ठेवायचे आणि पुन्हा झाकायचे. आई लांबूनच बघायची. तिसऱ्या दिवशी मी निघाले, तेव्हा ते अंघोळीला गेले होते. आई वाडग्याशी बसली, पान बाजूला करून तिने बोटं आत घातली.

“थंडच हाय,” ती म्हणाली, आणि पान पुन्हा चारी बाजूंनी नीट खोचून ठेवलं.