झालं का तुमचं?

मी बंधाऱ्याचा दरवाजा बोलतोय. लाकडाचा आहे, जाडजूड. आधी मी वरच्या डोंगरावर झाड होतो. तेव्हाही पाणी माझ्या मुळांशी थांबायचं, पण थोडंच. मग आपलं सावकाश खाली जायचं. त्याला धरून ठेवायचं असतं, हे मला माणसांनी शिकवलं.

माझ्या वरच्या अंगाला एक वस्ती, खालच्या अंगाला एक. रीत अशी, की मला खाली सोडून पाणी अडवण्याआधी राखणदारानं खालच्या वस्तीला हाक घालायची, "झालं का तुमचं?" तिकडून "झालं" आलं, की मगच मला सोडायचं.

उत्तर बहुतेक राखणदाराची धाकटी बहीणच द्यायची. तिला खालीच दिली होती. कधी मुद्दाम उशीर लावायची, वर विचारायची, घाई कसली रे दादा, वहिनी ओरडते वाटतं? तो बापडा हसत बसून राहायचा.

एका उन्हाळ्यात ओढा बारीक झाला. वरचे म्हणाले, यांचं कधी होणारच नाही, वाट तरी किती बघायची? राखणदार मान खाली घालून उभा राहिला. त्यानं न विचारताच मला खाली सोडलं. तेव्हापासून मला कुणी उचललेलं नाही.

खालच्या विहिरी आटल्या. माणसं बोचकी बांधून निघून गेली. बहीण वाटेतच वारली, असं कळलं. तिथली दारं उघडी आहेत, आत कुणी नाही.

तरी भर दुपारी खालून हाक येते. "दादा, झालं का तुमचं?"

आवाजात राग नसतो. वरच्या शेतात राबणाऱ्यांची कुदळ हातात तशीच राहते. वारा असेल, म्हणतात. वारा कधी कुणाला दादा म्हणतो का? पाणी काठोकाठ भरलंय, पण "झालं" म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही.

हाक रोज थोडी जवळून येते. काल तर माझ्या पाठीवर, कोरड्या बाजूला, कुणीतरी हात टेकला. हातही कोरडाच होता.

आज राखणदार आलाय. पार वाकलाय आता. "झालं गं बाई," तो हळूच म्हणाला, "आमचं झालं." आणि त्यानं दोरी धरली.

पण मी पाण्यानं फुगलोय. एकट्याच्यानं उचलला जाणार नाही. बाकीचे बंधाऱ्यावर नुसते उभे आहेत.

बाबांनो, पलीकडून मला कुणीतरी वर ढकलतंय. या बाजूनं हात कमी पडतायत.